युरोपातले सगळेच शार्लमेनचे वंशज, मग राजरक्त कुणाचं?

पाटीपेन्सिल
आमची वंशावळ थेट पश्चिम युरोपावर राज्य केलेल्या सम्राट शार्लमेनपर्यंत पोचते, असं अभिमानानं सांगणारी घराणी युरोपात पुष्कळ आहेत. शार्लमेन वारला ८१४ साली. आता साधा हिशोब करा. आई-वडील २, आजी-आजोबा ४, असं दुप्पट करत ३० पिढ्या मागे गेलं की १०७ कोटी पूर्वज होतात. तेवढी माणसं तेव्हा अख्ख्या जगात नव्हती! म्हणजे तीच माणसं वंशावळीत पुन्हापुन्हा येतात. राल्फ आणि कूप या संशोधकांनी २,२५७ युरोपीयांचा डीएनए तपासून २०१३ साली हेच मांडलं: हजार वर्षांपूर्वीच्या ज्या माणसाचा वंश टिकला, तो आजच्या जवळजवळ प्रत्येक युरोपीयाचा पूर्वज. मग राजरक्ताची मिरास एकाच घराण्याची कशी?

नदीकाठ
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. कागदावर कुणाचंही कुणाशीही लग्न लागतं, खेड्यात मात्र सोयरीक शेजारच्या गावातच होते. त्याच अभ्यासात इटलीतल्या लोकांचे इतरांशी असलेले धागे कमी आणि फार जुने निघाले. शिवाय दहा-बारा पिढ्यांमागच्या बऱ्याच पूर्वजांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरत नाही. त्याला नातं म्हणायचं?

पाटीपेन्सिल
@नदीकाठ, शंभर वर्षांत परगावची एक सून आली तरी पुरतं. तिच्याबरोबर तिचे सगळे पूर्वज त्या गावच्या वंशावळीत येतात.

तिसरा_मजला
मुळात त्या वंशावळी तरी किती खऱ्या? इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ साली लेस्टरला गाडीतळाखाली सापडला. त्याच्या बहिणीच्या लेकी-नातींच्या ओळीतून आलेला डीएनए जुळला, पण बापाकडून मुलाकडे जाणारं, पुरुषांच्या ओळीतलं वाय गुणसूत्र जुळलं नाही. मध्ये कुठेतरी बाप वेगळा होता.

अनामिका
तुमचा वाद तिसाव्या पिढीचा चाललाय. १९१४ साली जर्मनीचा कैसर हा इंग्लंडचा राजा पाचव्या जॉर्जचा सख्खा आतेभाऊ होता, रशियाचा झार सख्खा मावसभाऊ. तरी महायुद्ध झालंच. १९१७ साली झारला इंग्लंडमध्ये आसरा द्यायचं ठरलं, तेही जॉर्जच्याच आग्रहावरून मागे घेतलं गेलं. मला या शोधाचं कौतुक आहे, पण त्यानं माणसं जवळ येतील ही आशा नाही.

पाटीपेन्सिल
माया वाढेल असं मी म्हटलंच नाही, अनामिकाताई. 'आमचं रक्त वेगळं' हे खोटं आहे, एवढंच म्हणतोय.

नदीकाठ
सुनेचा मुद्दा पटला. इटलीबद्दल मात्र अजून बोला.