गाऊनला लेस: काठाची की पाठीवर बांधायची?

सुईदोरा:
भाचीसाठी गाऊन शिवतेय, तिने फोटो पाठवलाय आणि म्हणतेय लेसवाला पाहिजे. गळ्याला, बाहीला जाळीची लेस आहे आणि पाठीला चेनच नाही, बुटासारखी दोरी ओवलीये, तिलापण लेसच म्हणतात म्हणे! दोन्ही एकच कसं काय? आणि नाचताना ती दोरी सुटली तर पंचाईत व्हायची.

निळा_रीळ:
आधीची लेस म्हणजे कपडे आवळायची दोरीच, जाळीची युरोपात १६व्या शतकात पुढे आली. आणि ती कापडाला भोकं पाडून नाही हां करत, धागेच पिळून गुंफून मधे जागा सोडतात, एकतर बॉबिनवर, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या रिळांवर, नाहीतर सुईने टाका टाका घालत. व्हेनिसजवळचं बुरानो सुईच्या लेससाठी फेमस आहे. १८०९ मध्ये जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज संशोधकाने जाळीच्या मशीनचं पेटंट घेतलं, मग हळूहळू ती सगळ्यांच्या आवाक्यात आली.

टाकेवाली:
इतिहास राहू दे, ताई तुम्ही कॉटन लेस घेतली असेल तर लावायच्या आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात. गोल गळ्याला सरळ लेस ताणून लावू नका, आतल्या कडेला बारीक चुण्या घालून बाहेरची कड मोकळी सोडा म्हणजे सपाट बसते.
पाठीची लेस मला चेनपेक्षा आवडते, अंग थोडं कमीजास्त झालं तरी मापात बसते. फक्त सॅटिनची गोल दोरी घेऊ नका, गुळगुळीत असते, गाठ सरकते. सुती चपटी घ्या. आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांच्या, पट्टीखाली कडक अस्तर पाहिजेच, कापड नुसतं ठेवलं तर ओढून ओढून भोकं फाटतात.

सुईदोरा:
सुतीची टोकं उसवतात ना पण? मेणबत्तीवर धरू का?

टाकेवाली:
अहो नको, सुती जळते, वितळते ती पॉलिएस्टरची. सुतीला टोकाशी डिंक लावून घट्ट पिळा किंवा बुटाच्या लेसला असते तशी टोपी बसवा, ओवायलाही सोपं जातं.

निळा_रीळ:
आणि बो बांधल्यावर आडवा न राहता उभा वळत असेल तर गाठ उलटी पडलीये, तीच लवकर सुटते. पहिला वेढा उलट्या बाजूने घ्या, बाकी सवयीसारखंच बांधा. बुटालापण हेच करून बघा