रंगपेट्या वाटण्याआधी
‘रंगपेट्या, ड्रॉइंगच्या वह्या वाटल्या की मुलं आपोआप रमतात’ असं गावातल्या शाळांत चित्रकला शिकवायला जाण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते पहिल्या शनिवारापुरतं खरं. पुण्याहून वेल्ह्याच्या बाजूला एका शाळेत आम्ही दोन पावसाळे शनिवारी चित्रकला शिकवायला जात होतो. कागद इतका सादळायचा की जलरंग वाळायचेच नाहीत, आणि नवे खडू मुलं दप्तरात जपून ठेवायची, झिजतील म्हणून! शेवटी गेरू, चुना, चुलीतला कोळसा घेऊन शाळेच्या फरशीवरच सुरू केलं. हात एकदम सुटले.

आणि आठवी-नववीची मुलं असतील तर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचं जरूर बघा. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात. चित्रकलेला टाइमपास म्हणणारे पालक हे कळल्यावर स्वतःहून फॉर्मची तारीख विचारायला आले.