पुण्याचं ऑफिस गावात अन् गावचा साहेब अपडाऊनवर: कामाची जागा नेमकी कुठं असावी?

तर्रीपोहा:
आमचं गाव आर्वी तालुक्यात. कोरोनात परतलेली काही पोरं अजूनही पुण्याच्या कंपन्यांचं काम घरूनच करतात. आता कंपन्या म्हणतात, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या. इकडं तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी यांना मुख्यालयी राहायचा नियम आहे, अन् ते वर्ध्याहून अपडाऊन करतात. ज्याचं काम लॅपटॉपवर भागतं त्याला जागेवर ओढायचं, अन् ज्याच्या टेबलासमोर लोक फेरफारासाठी ताटकळतात तोच जागेवर नाही!

माझं म्हणणं असं. आपल्याकडं निंदण रोजीनं होतं, म्हणून मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नजर ठेवून उभा राहतो. कापसाची वेचणी किलोवर होते, तिथं संध्याकाळी काटा लागला की झालं. लॅपटॉपचं बरंचसं काम वेचणीचं आहे, पण साहेब अजून धुऱ्यावरच उभा: स्क्रीनवरचा ‘ऑनलाइन’ दाखवणारा हिरवा ठिपका विझला की फोन. पुढच्या काळातल्या साहेबाला काटा धरता आला पाहिजे.

आणि ऑफिस म्हणजे काचेची इमारतच कशाला? 1936 नंतर देशभरातली माणसं सेवाग्रामला गांधीजींच्या कुडामातीच्या कुटीत येऊन चटईवर बसून चर्चा करून गेली. आमच्या ग्रामपंचायतीचा वरचा हॉल वर्षभर रिकामा असतो. इन्व्हर्टर, टेबलं, फायबर, एवढं केलं तर गावातच ऑफिस. बोला.

पऱ्हाटीवाला:
बावा, सेवाग्रामच्या त्या कुटीजवळ टेलिफोन बसवला होता, व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून. तो अजून पाह्यले भेटते. आपल्यासाठी कोण व्हाइसरॉय येनार हाये? रस्ता खोदला की फायबर कटते, मंग आठ-आठ दिवस कोनी येत नाई. मेळघाटातलं हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हनून गाजलं, अन् 2019 च्या निवडणुकीत ते डिजिटल खरं का खोटं याच्यावरूनच सभा गाजल्या. पहिले लाइन द्या, मंग हॉलचं बोला.

कास्तकाराची पोर:
तर्रीपोहाभाऊ, वेचणीचं उदाहरण धुऱ्यावरून पाहिलेलं दिसते. मी आईसोबत वेचायला गेली आहे. किलोवर काम असलं की बाई दुपारी पाणी प्यायलाही उठत नाही. लहान पोर झाडाखाली रडत असते, तिचा हात थांबत नाही. मालक ओरडत नाही हे खरं, कारण ओरडायचं काम तो काटाच करतो. वर जास्त किलो भरावे म्हणून कवडीही, म्हणजे किडका-खराब कापूसही, ओटीत जाते, मग मालक म्हणतो माल खराब. तुमच्या आयटीत टार्गेट आलं की रात्रीचे बारा वाजतात ते याच्यामुळंच. काट्याचा साहेब धुऱ्यावरच्या साहेबापेक्षा बरा, हे मला पटत नाही.

शिवाय रोजगार हमीच्या कामावर तर दोन्ही आहेत. मजुरी कामाच्या मापावर, अन् 2023 पासून ॲपवर दिवसातून दोनदा हजेरीचे फोटो. फोटो अपलोड झाला नाही तर खड्डा खोदूनही गैरहजर. नजर ठेवायचा हा भविष्यकाळ गावात कधीच येऊन बसला आहे.

तर्रीपोहा:
मुद्दा मान्य, पण मग उपाय काय? परत धुऱ्यावर उभं राहायचं? काट्याला भाव कोण ठरवतो, हा खरा प्रश्न. वेचणीचा भाव गावातल्या बाया मिळून ठरवतात तेव्हा मालकाला नमावं लागतं. लॅपटॉपवाल्यांची अशी टोळीच नाही.

अपडाऊन गुरुजी:
मला शिव्या बसणारच आहेत, म्हणून आधीच बोलतो. गावात भाड्यानं संडासासह खोली मिळत नाही, बायकोची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, मुलगी अकरावीला. घरभाडे भत्त्यासाठी ‘गुरुजी गावातच राहतात’ असा ग्रामसभेचा ठराव मागतात, तो गावकरी देतात, सगळ्यांना सगळं माहीत असतं. शाळेत मी वेळेवर असतो. पण वर्गात उभा असताना व्हॉट्सॲपवर ‘माहिती तात्काळ सादर करा’ येते, तेव्हा मी मुख्यालयी असून नसल्यासारखाच. घर कुठं आहे यापेक्षा तो फोन बंद करता आला तर पोरांचा जास्त फायदा होईल.

पऱ्हाटीवाला:
गुरुजी, एस्टी चुकली त्या दिवशी काय होते तेही सांगा ना!

बांबूबन (गडचिरोली):
साहेब कसा असावा यावर इतकं भांडता, पण साहेबाशिवाय चालतं का हे कोणी विचारलं नाही. आमच्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गाव आहे. तिथं बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचा विरोध असला तरी निर्णय थांबतो. अभ्यास गटात आधी विषय समजून घेतात, मग ग्रामसभा. याच गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला अन् 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने आपल्या हातात घेतले. कंपन्या ‘टीमवर्क’चं प्रशिक्षण घ्यायला हॉटेलात जातात, त्यांनी तिथं खाली बसून एक सभा ऐकावी.

माजी मॅनेजर:
मेंढ्याबद्दल आदर आहे, पण तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. माझ्या टीममधला पोरगा आठ महिन्यांत सोडून जातो. सहमती कोणाची घेऊ? नवीन पोरं घरून शिकत नाहीत, हेही लिहून ठेवा. शेजारी बसलेला सीनियर ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, ते ऐकून शिकायचं असतं. मीटिंगची लिंक पाठवून ते येत नाही. हॉल करा, पण त्यात पुण्याचा सीनियरही येऊन बसणार असेल तर.

लॅपटॉपवाली सून:
तुम्हा सगळ्यांच्या घरी कामाला स्वतंत्र खोली आहे असं दिसतं. माझं ऑफिस म्हणजे देवघराशेजारची खाट. कानात हेडफोन असला तरी ‘घरीच तर आहे’ म्हणून पाहुण्यांचा चहा माझ्याकडं. माझी शिफ्ट रात्री दहाला संपते. मला हॉल पाहिजे, नक्की पाहिजे. पण त्याची चावी कोणाजवळ राहणार? सरपंचांच्या घरी असेल तर रात्री आठ वाजता मी ती मागायला जाणार नाही, अन् खाली ओट्यावर पत्ते खेळणाऱ्यांतून जिना चढणार नाही.

तर्रीपोहा:
चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाजवळ ठेवू.

लॅपटॉपवाली सून:
तो पाचला घरी जातो.

कास्तकाराची पोर:
महिला ग्रामसभेत विषय घ्या. एक चावी बचत गटाकडं राहू द्या, जिन्यात लाइट लावा, अन् ओट्यावरचे पत्ते कोण बंद करणार त्याचं नाव ठरावात लिहा. फायबरचं मग पाहू.