चोर्ला घाट आणि कोरडी चेन
पुण्याहून दोघं दोन बाइकवर गोव्याला येताय, तर आंबोली घाटाने यावं की चोर्ला घाटाने, असं विचारलंय तुम्ही. मी गोव्यातल्या साखळी गावचा, माझं मत चोर्ल्यालाच. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी आणि घाट उतरला की केरी. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी जरूर थांबा, फार शांत वाटतं. मागच्या जुलैत आम्ही तिथे टेकलो तेव्हा मित्राच्या बाइकची चेन पावसाने धुऊन पार कोरडी पडली होती. हात लावला तर बोटाला तांबूस गंज. माझ्या बॅगेत चेन ल्यूब, म्हणजे चेनला लावायचं वंगण होतं म्हणून निभावलं. पुढे घाटात एवढं धुकं, की त्याचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पावसाळ्यात येणार असाल तर उजेड आहे तोवर घाट उतरा, आणि एकमेकांच्या नजरेआड जाऊ नका.