निअँडरथलांची शिकार: मांसासाठी की चरबीसाठी?

चकमक (धागाकर्ता):

निअँडरथल (आपल्या जातकुळीतली, आता नामशेष झालेली आदिमाणसं) म्हटलं की लचके तोडणारा रानगडी डोळ्यांसमोर येतो. माझं म्हणणं असं की मांस त्यांना मुबलक होतं, टंचाई होती ती चरबीची.

हिशोब करून बघा. माणसाचं यकृत दिवसाला साधारण ३०० ग्रॅम प्रथिनं निभावतं. त्यापुढे मळमळ, जुलाब आणि पोट भरूनही न शमणारी भूक सुरू होते. ३०० ग्रॅम प्रथिनांच्या झाल्या १२०० कॅलरी. थंडीत राबणाऱ्या धिप्पाड शरीराला ४००० तरी हव्यात. उरलेल्या २८०० चरबीतून काढायच्या तर रोज ३०० ग्रॅमच्या वर चरबी लागते, आणि हरणाच्या १०० ग्रॅम मांडीत ती असते जेमतेम २-३ ग्रॅम.

आता जर्मनीतल्या हाले शहराजवळची नॉयमार्क-नॉर्ड ही कोळशाची खाण घ्या. सव्वा लाख वर्षांपूर्वी तिथे तळी होती. एका तळ्याकाठी किमान १७२ मोठे प्राणी (घोडे, हरणं, रानबैल) आणून त्यांच्या हाडांचा अक्षरशः चुरा केलाय. २०२५ साली हे प्रसिद्ध झालं. नुसती मज्जा (हाडाच्या नळीतला चरबीदार गर) हवी असती तर नळीला दोन घाव पुरले असते. इथे सांध्याकडची जाळीदार टोकंसुद्धा ठेचली आहेत. तिथली चरबी चोखून निघत नाही, पाण्यात तापवूनच काढावी लागते.

रानवाट:

हिशोब पटला, निष्कर्ष नाही. हाडांच्या कोलॅजनमधला (हाडातल्या प्रथिनातला) नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, बघा. अन्नसाखळीची एक पायरी चढली की तो हजारी ३ ते ५ ने वाढतो. फ्रान्समधलं सेंट-सेझेर, बेल्जियममधलं स्पी, क्रोएशियातली विंदिया, तिन्हीकडचे निअँडरथल लांडगे-तरसांच्या रांगेत बसतात. हे मांसाहारीच.

चकमक:

चरबीत नायट्रोजन नसतोच हो! त्या मोजणीत फक्त प्रथिनांचा उगम दिसतो. कुणी निम्म्याहून जास्त कॅलरी चरबीतून घेतल्या तरी आकडा तोच राहील. शिवाय तरस-सिंहांएवढी प्रथिनं आपल्या जातकुळीच्या यकृताला झेपत नाहीत, मग आकडा इतका चढला कसा? त्यावर २०२५ मध्येच एक उत्तर आलंय: अळ्या. सडत्या मांसावरच्या माश्यांच्या अळ्यांमध्ये हे प्रमाण हजारी ४३ पर्यंत मोजलं गेलंय. साठवलेलं मांस अळ्यांसकट खाल्लं की आकडा चढणारच. आणि अळीत चरबी भरपूर असते.

रानवाट:

अळ्यांचं ठीक, पण ती शक्यता आहे, पुरावा नव्हे. कुठल्याही निअँडरथल मुक्कामावर अळ्या खाल्ल्याची खूण सापडलेली नाही.

खापरी:

मला मूळ धाग्यातच खोट दिसते. मडकं नाही तर पाणी तापवलं कशात? हाडं बारीक होण्याची इतर कारणं आहेत: जनावरांच्या खुरांखाली तुडवली जाणं, जळणासाठी फोडणं.

चकमक:

मडकं लागत नाही. चामड्याच्या किंवा झाडाच्या सालीच्या भांड्यात पाणी असेतोवर आतली बाजू १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे थेट आचेवरही ते टिकतं. फसतं ते पाण्याच्या रेषेवरच्या कोरड्या काठाशी. ज्वाळा तिथे लागली की काठ जळतो.

क्रम असा असणार. मांस सोलायचं, हाडावरचा पातळ पडदा खरवडायचा (तो राहिला तर घाव दबतो), हाड दगडी ऐरणीवर ठेवून गोट्याने फोडायचं, मज्जेची कांडी काढून घ्यायची. मग टोकं ठेचून पाण्यात. खळखळ उकळी आली की चरबी पाण्यात फेसाळून गढूळ होते, म्हणून आच मंद. रश्श्यावर तवंग येतो तशी ती वर येते. गार झाली की थर उचलायचा.

तुडवण्याचं म्हणाल, तर ताजं हाड फुटलं की तिरकी, नागमोडी, गुळगुळीत धार येते. वाळलेलं हाड आडवं आणि खडबडीत तुटतं. हा फरक भिंगाशिवायही दिसतो.

सोंडकर:

इकडे हत्ती कुणी काढलाच नाही! त्याच खाणीत सरळ सुळ्यांच्या हत्तींची ३००० हून जास्त हाडं आहेत, किमान ७० हत्तींची. मोठा नर खांद्याशी ४ मीटर आणि १३ टनांपर्यंत. १० टनांच्या एका हत्तीतून ४००० कॅलरींचे किमान २५०० दिवसभराचे वाटे निघतात, म्हणजे २५ माणसांचं १०० दिवसांचं अन्न. एवढ्या मांसाला चरबीचं निमित्त कशाला? मुळात मेलेले हत्तीच मिळाले असतील तर शिकारीचा प्रश्नच मिटतो.

रानवाट:

मेलेले हत्ती हे मला मान्य नाही. नैसर्गिक मरणात पिल्लं आणि म्हातारे जास्त असतात. इथे बहुतांश प्रौढ नर आहेत. माद्या कळपात राहतात, नर एकटा फिरतो, त्याला चिखलात किंवा खड्ड्यात गाठणं सोपं. हाडांवर हिंस्र जनावरांच्या दातांच्या खुणा नगण्य, म्हणजे माणसंच आधी पोचली. जर्मनीतल्याच लेअरिंगेनला १९४८ साली हत्तीच्या फासळ्यांत २.३८ मीटरचा यू झाडाच्या लाकडाचा भाला सापडला. त्याला कुणी बर्फातली मढी चाचपायची काठी म्हटलं होतं. हत्तीच्या फासळ्यांत?

चकमक:

हत्ती माझ्याच बाजूने बोलतो. त्याच्या पायाच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, आणि तळव्यात असते चरबीची जाड गादी. पायातलं मांस थोडं, कष्ट अफाट, तरी कापलेत. मांस पातळ चिरून वाळवता येतं, जाड तुकडा मात्र आतून सडतो. चरबी वाळत नाही, ती वितळवून ठेवावी लागते.

वाळूकिनारा:

एका जर्मन तळ्यावरून अख्ख्या निअँडरथल जमातीचा स्वयंपाक सांगणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पोर्तुगालच्या फिगेरा ब्रावा गुहेत १,०६,००० ते ८६,००० वर्षांपूर्वी हेच लोक खेकडे, शिंपले, मासे खात होते, पाइनच्या बियाही. जिब्राल्टरला कबुतरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. किनाऱ्यावर बिया आणि मासे असताना हाडं ठेचत कोण बसेल? चरबीची कमतरता हा थंड प्रदेशाचा आणि हिवाळ्याच्या अखेरचा प्रश्न आहे.

चकमक:

ऋतूचं मान्य. उपाशी जनावराची चरबी आधी पाठीवरची संपते, मग मांडीच्या नळीतली, सगळ्यात शेवटी खुरांजवळची आणि जबड्यातली. म्हणून हिवाळ्याच्या अखेरची शिकार ओळखायची तर आधी खालच्या पायाची हाडं आणि जबडे बघावेत. तीही फोडलेली दिसली, तर टंचाई खरी.