मार्कर वाढला, पुढे काय?

खडूस_मुळशीकर
सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "कॅन्सर बरा झाला म्हणून गाफील राहू नका, दर तीन महिन्यांनी सगळे ट्यूमर मार्कर करा, लवकर कळलं तर जीव वाचतो." खाली लॅबची जाहिरात, पाच मार्करवर (म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या तपासण्यांवर) सूट. मी उत्तर लिहिलं तर ॲडमिनने "नकारात्मकता नको" म्हणून उडवलं. म्हणून इथे.

"लवकर कळलं तर वाचतो" हे पहिल्या खेपेला बऱ्याच कॅन्सरांत खरं. रोग उलटल्यावरही तसंच असेल हे कुणी ठरवलं? ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरबाबत हे तपासून झालंय, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. उपचारानंतर सीए-१२५ (ओव्हरीचा मार्कर) वाढलेल्या ५२९ बायका. निम्म्यांना आकडा वाढल्याबरोबर केमो. बाकीच्यांना आकडा सांगितलाच नाही, त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. त्रास सुरू झाल्यावर केमो. पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली. आणि आयुष्य? मीडियन (म्हणजे निम्म्या जणी याहून जास्त जगल्या) २५.७ महिने, थांबलेल्यांचं २७.१. म्हणजे पदरात पडली ती फक्त लवकरची केमो. ब्रेस्टमध्ये काही त्रास नसताना सीए १५-३ हा मार्कर करत बसू नका, हे अमेरिकेतली कॅन्सर डॉक्टरांची संघटना ॲस्को कधीपासून सांगतेय. आणि कॅन्सर कसला होता हे न विचारताच पाच मार्कर?

पांढरी_माशी
सरसकट झोडपू नका. मोठ्या भावाचं आतड्याचं ऑपरेशन झालं, पुढे सीईए (आतड्याचा मार्कर) हळूहळू चढायला लागला. त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. स्कॅनमध्ये लिव्हरवर एकच गाठ सापडली, काढली. आज तो नातवाला शाळेत सोडायला जातो. तुमचा लॅन्सेट वाचून दाखवू का त्याला?

खडूस_मुळशीकर
भाऊंना उदंड आयुष्य. पण आतड्यावरही ब्रिटनमध्ये १२०२ जणांचा अभ्यास झालाय, २०१४ चा. सीईए किंवा स्कॅन नियमित केलेल्यांत बरं करण्यासाठीची ऑपरेशनं जास्त झाली, हे खरं. मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.

पांढरी_माशी
ऑपरेशनं जास्त झाली हे मान्य केलंत ना? बास. स्क्रीनशॉट घेतलाय.

रक्तपिपासू
लॅबमध्ये आयुष्य गेलं म्हणून बोलतो. सीईए विडी-सिगारेटवाल्यांत तसाही वर असतो. सीए-१२५ पोटाच्या टीबीतसुद्धा चढतो. सीए १९-९ (स्वादुपिंडाचा मार्कर) कावीळ झाली की उसळतो, आणि काहींच्या अंगात तो बनतच नाही, म्हणजे नॉर्मल आला तरी अर्थ शून्य. त्यात लोक एकदा या लॅबमध्ये, एकदा त्या. मशीन वेगळं, किट वेगळं, आकडा थोडा हलला की घरात रडारड. सूट बघून लॅब बदलू नका. आणि खापर आमच्यावर फोडू नका, चिठ्ठी डॉक्टर लिहितात.

आडगावचा_बोका
का लिहितात तेही सांगा की. कट किती टक्के?

सदू_डोंबिवलीकर
मुळशीकर, माझ्या बायकोला ओव्हरीचाच आहे, थर्ड स्टेज. परळला टाटात ऑपरेशन, केमो सगळं झालं. तुमच्या २०१० च्या अभ्यासाच्या वेळी रोग लांबवणाऱ्या ओलापॅरिबसारख्या गोळ्या नव्हत्या. २०२१ ची डेस्कटॉप-३ ही ट्रायल वाचलीत का? पहिल्यांदा उलटलेल्या निवडक बायकांचं पुन्हा ऑपरेशन केलं तर मीडियन आयुष्य ५३.७ महिने, नुसत्या केमोवर ४६. मग रोग पोटभर पसरेपर्यंत हातावर हात धरून बसू? मी दर वेळचा आकडा वहीत लिहितो. वाढला तर हिच्या आधी मला कळलं पाहिजे.

मनस्विनी_७०
हिच्या आधी? रक्त कुणाचं आहे?

सदू_डोंबिवलीकर
ताई, तिला रिपोर्ट दाखवत नाही. थायरॉइडची तपासणी म्हणून सांगतो. घरात तसंच ठरलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पांढरी_माशी
योग्य करता. आमच्या आईला शेवटपर्यंत अल्सर सांगितलं. शांतपणे गेली.

मनस्विनी_७०
ती शांत होती की तुम्ही? सदूभाऊ, टाटाच्या दारात उतरलेल्या बाईला आपण कुठे आलोय ते कळत नाही? केस काय थायरॉइडने गेले? माझ्या सासूबाईंनाही "साधी गाठ आहे" सांगितलं होतं. त्यांनी केसपेपर नातीकडून वाचून घेतला आणि मग आमच्याशी त्या विषयावर बोलणंच सोडलं. माहेरच्या जमिनीचं काय करायचं हे त्यांच्या मनात होतं, ते मनातच राहिलं. अजून कोर्टात तारखा चालू आहेत.

पांढरी_माशी
जमिनीसाठी सांगायला हवं होतं म्हणा की सरळ!

मनस्विनी_७०
जीभ आवरा. मरायला टेकलेल्या बाईला स्वतःच्या सातबाऱ्यावर बोलायचा हक्क नाही?

बे_एरियातला_बंड्या
भांडण थांबवून पुढचं बघा. इथे आता रक्तातला गाठीचा डीएनए शोधतात. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक ट्रायलमध्ये (२०२२, कोलन स्टेज टू, ४५५ पेशंट) ऑपरेशननंतर केमो द्यायची का हे त्यावरून ठरवल्यामुळे ती २८ ऐवजी १५ टक्क्यांनाच द्यावी लागली, आणि रोग उलटण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. भारतात हे सर्रास कधी होणार देव जाणे.

खडूस_मुळशीकर
बंड्या, तू माझीच बाजू मांडलीस. तिथे उत्तर आल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं होतं. पण ब्रिटनमध्ये ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्टवर (हा ब्रेस्ट कॅन्सरचा जास्त आक्रमक प्रकार) असाच प्रयोग झाला. डीएनए सापडल्यावर उपचारगटातल्या बायकांचं स्कॅन केलं, तर ७२ टक्के जणींत रोग आधीच पसरलेला. म्हणजे तिथे चाचणीलाही उशीरच झाला.

अबोली_सातारा
इतका वेळ नुसती वाचत होते. मी ओव्हरीची पेशंट. डॉक्टरांनी २०१० चा तो अभ्यास समजावला आणि सीए-१२५ करायची की नाही हे मलाच ठरवायला सांगितलं. मी नको म्हणाले. पोट फुगलं, भूक गेली तर लगेच दाखवायचं, एवढं ठरलंय. सदूभाऊ, तुमच्या मिसेस कदाचित हो म्हणतील. पण विचारा तरी.

सदू_डोंबिवलीकर
बघतो. शब्द देत नाही. मुळशीकर, डेस्कटॉप-३ चं उत्तर शिताफीने टाळलंत.

खडूस_मुळशीकर
त्यात फायदा ऑपरेशनचा दिसला, दर तीन महिन्यांच्या रक्ताचा नाही. आता, ऑपरेशनला योग्य बाई आकड्यामुळे वेळेत सापडू शकते, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. आवडत नसला तरी. पण त्याच्या आडोशाने पाच मार्करचं पॅकेज विकू नका.

आडगावचा_बोका
कट किती टक्के ते राहिलंच.

रक्तपिपासू
बोक्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.