अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामाचे छायाचित्र: भिंग कोणते, आणि कीटक जिवंत असावा की मृत?

शिवारफेरी:
नमस्कार. मी शेतकरी प्रशिक्षणाच्या कामात आहे. खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी आम्ही ऊस उत्पादकांना ट्रायकोकार्ड देतो. एका कार्डावर तांदळावरील पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांतील बहुतेक अंड्यांत ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारा कीटक, वाढत असतो. शेतकऱ्याला मात्र कार्डावर फक्त काळे ठिपके दिसतात. त्यांतून बाहेर येणारा मित्रकीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असल्यामुळे तो बाहेर पडला की नाही, हेसुद्धा नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. "जे दिसतच नाही त्याच्या भरवशावर फवारणी कशी थांबवायची?" हा प्रश्न दर प्रशिक्षणात येतो, आणि तो मला रास्त वाटतो. म्हणून या कीटकाचे, आणि शक्य झाल्यास तो अंड्यावर बसून स्वतःचे अंडे घालत असतानाचे, मोठे छायाचित्र फलकावर लावण्याचा विचार आहे.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आहे आणि कॅननचे एमपी-ई ६५ मिमी हे पाचपट मोठे चित्र देणारे भिंग काही दिवसांसाठी मिळणार आहे. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवले की फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी) अगदीच अपुरी पडते आणि ते बंद करत नेले की खोली वाढते, पण शृंगिकांवरचे (डोक्यावरच्या मिशांवरचे) केस, पंखांची कड असे सगळे बारकावे विरून जातात. यातून मार्ग कोणता? पाचपटीने भागेल का, की मायक्रोस्कोपचे ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचे भिंग) घ्यावे लागेल? आणि कीटक मारून छायाचित्र घेणे अपरिहार्य आहे का?

काचपट्टी:
आपण जे पाहत आहात ते विवर्तन, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे, आहे आणि भिंग बदलून ते नाहीसे होणार नाही. भिंगावर लिहिलेला एफ-आकडा अनंतावरील फोकससाठी असतो. जवळच्या छायाचित्रणात त्याला 'पट अधिक एक' या संख्येने गुणावे लागते. म्हणजे पाचपटीला एफ २.८ हा प्रत्यक्षात एफ १६.८ होतो आणि एफ ८ केला तर तो एफ ४८ इतका घसरतो. एफ ४८ ला कोणतेही उत्तम भिंग मऊच चित्र देईल. तेव्हा एमपी-ई वापरताना एफ २.८ ते एफ ४ यांच्या पलीकडे जाऊ नये आणि खोली फोकस स्टॅकिंगने, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो एकत्र जोडून, मिळवावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

भिंगाची निवड मात्र पटींवरून करू नये. या क्षेत्रात सर्वांत अधिक फसवणारा आकडा तोच आहे, कारण पट कितीही वाढवता येते. तपशील ठरतो तो भिंग कीटकाकडून किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते यावर, आणि तो आकडा न्यूमरिकल ॲपर्चर म्हणून ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला असतो. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणून या आकड्याने भागले की वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान अंतर मिळते. एमपी-ई पाचपटीला आणि एफ २.८ ला साधारण ०.१५ देते, म्हणजे सव्वादोन मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मितुतोयो या जपानी कंपनीचे दहापटीचे ऑब्जेक्टिव्ह ०.२८ चे आहे, म्हणजे १.२ मायक्रॉन. त्यांचेच वीसपटीचे ०.४२ चे आहे आणि ते ०.८ मायक्रॉनपर्यंत पोचते.

आता हे आपल्या फलकाला लावून पाहा. अर्ध्या मिलिमीटरचा कीटक २० सेंमी लांब छापायचा तर तो ४०० पट मोठा होतो. तेव्हा सव्वादोन मायक्रॉनचा तपशील कागदावर ०.९ मिमीचा होईल आणि ०.८ मायक्रॉनचा ०.३ मिमीचा. एक मीटर अंतरावरून चांगल्या नजरेला साधारण ०.३ मिमीच वेगळे दिसते. म्हणजे शेतकरी एक मीटरवर उभा राहणार असेल तर वीसपटीचे ऑब्जेक्टिव्ह फलकाला पुरेपूर न्याय देईल, दहापटीचे बऱ्यापैकी देईल आणि एमपी-ईचे चित्र जवळ आल्यावर धूसर वाटेल. फलक आठ-दहा सेंमीचा कीटक दाखवणार असेल तर एमपी-ई पुरेसे आहे; खर्च करण्याआधी छपाईचा आकार ठरवावा.

मितुतोयोची ऑब्जेक्टिव्ह महाग आहेत, पण कीटकापासूनचे त्यांचे अंतर उदार असते: दहापटीला सुमारे ३४ मिमी आणि वीसपटीला २० मिमी. एवढी जागा असल्याशिवाय प्रकाश नीट टाकताच येत नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील साधी वीसपटीची ऑब्जेक्टिव्ह स्वस्त मिळतात, परंतु ती बहुधा ०.१७ मिमी जाडीच्या झाकणकाचेसाठी घडवलेली असतात आणि कीटकाला जवळजवळ टेकतात, म्हणून ती घेऊ नयेत. मितुतोयोसारख्या अनंत-संस्कारित (स्वतः चित्र न उमटवणाऱ्या, मागे दुसरे भिंग लागणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हमागे २०० मिमीचे टेलिफोटो भिंग अनंतावर फोकस करून लावले की कोरलेली पट मिळते. रेनॉक्स डीसीआर-१५० हे २०८ मिमीचे जोडभिंगही या कामी उत्तम चालते.

स्टॅकिंगमधील पावलांचे, म्हणजे दोन फोटोंमध्ये फोकस किती सरकवायचा याचे, गणित असे: फोकसची खोली साधारण तरंगलांबी भागिले न्यूमरिकल ॲपर्चरचा वर्ग इतकी असते. दहापटीला ती ७ मायक्रॉन येते आणि वीसपटीला ३. एक फोटो दुसऱ्यावर थोडा चढलेला हवा, म्हणून दहापटीला ५ आणि वीसपटीला अडीच मायक्रॉनचे पाऊल घ्यावे. कीटकाची जाडी ०.३ मिमी धरली तर अनुक्रमे ६० आणि १२० फोटो होतात. कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या, हाताने फिरवायच्या रेलवर अडीच मायक्रॉन साधणे जवळजवळ अशक्य आहे. मोटरवर चालणारी रेल लागेलच.

निरीक्षण_वही:
काचपट्टी यांनी भिंगाचे सगळे सांगितले आहे. मी कीटकाच्या बाजूने लिहिते, कारण या आकाराच्या परोपजीवी कीटकांत चित्र बिघडते ते बहुतेक वेळा नमुन्यामुळे. अल्कोहोलमध्ये ठेवलेला ट्रायकोग्रामा बाहेर काढून हवेत वाळवला की त्याचे पोट आणि डोळे आत खचतात, पंख चुरगळतात, आणि कितीही उत्तम ऑब्जेक्टिव्ह लावले तरी एका खचलेल्या कीटकाचेच स्पष्ट चित्र मिळते. संग्रहालये अशा कीटकांसाठी क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (नमुना न आकसता वाळवण्याची पद्धत) किंवा त्याच कामाचे एचएमडीएस हे द्रव्य वापरतात. आपल्याकडे कार्डच असल्यामुळे त्याची गरज नाही. कार्डाचा लहान तुकडा काचेच्या नळीत ठेवावा, कीटक बाहेर पडल्यावर नळी फ्रीझरमध्ये ठेवावी आणि नमुना काढताक्षणी काम सुरू करावे. डोळ्यांचा लाल रंग तेव्हाच टिकतो.

लेव्हन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील कीटकांची जी चित्रे २०१६ साली प्रदर्शित केली, त्यांतील एकेका चित्रामागे आठ हजारांहून अधिक फोटो होते, आणि तेही दहापटीचे ऑब्जेक्टिव्ह व २०० मिमीचे भिंग याच जोडीने घेतलेले. ते काम मी फार मोठे मानते. पण ते कठीण पाठीचे, वर्षानुवर्षे न बदलणारे नमुने होते. आपला कीटक तासाभरात आकसू लागतो, म्हणून १२० फोटोंचा एक संच पटकन पूर्ण होईल अशी सगळी मांडणी आधी दुसऱ्या नमुन्यावर करून ठेवावी.

प्रकाश सर्व बाजूंनी विखुरलेला हवा. ट्रेसिंग पेपरची नळी कीटकाभोवती उभी करून तिच्या बाहेरून दोन फ्लॅश टाकले की कीटकाच्या चकचकीत अंगावर पांढरे डाग पडत नाहीत. फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर ठेवावा. त्या वेळी चमक इतकी क्षणिक असते की खोलीतील पंख्याचा किंवा जिन्यावरच्या पावलांचा थरथराट चित्रात उतरत नाही. पार्श्वभूमीबद्दल एक आवर्जून: पारदर्शक पंख काळ्या पार्श्वभूमीवर ठेवावेत. अशा लहान परोपजीवी माश्यांच्या पंखांवर पातळ पापुद्र्यामुळे उमटणारे स्थिर रंगपट्टे असतात, हे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली इतर सहकाऱ्यांसह मांडले. पांढऱ्या कागदावर ते रंग दिसतच नाहीत, म्हणून इतकी वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले.

नर आणि मादी दोन्ही दाखवावेत. नराच्या शृंगिकांवर लांब केस असतात, मादीच्या शृंगिकांचे टोक गदेसारखे फुगीर असते. स्टॅक करताना हे एकमेकांवरून जाणारे केस झिरीन स्टॅकर या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पीमॅक्स पद्धतीत चांगले सुटतात. अंगाचा गुळगुळीत भाग डीमॅप पद्धतीत अधिक खरा येतो. दोन्ही पद्धतींनी चित्र काढून केसांचा भाग पहिल्यातून दुसऱ्यात रंगवून घ्यावा.

शिवारफेरी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दहापटीचे ऑब्जेक्टिव्ह एका परिचितांकडून मिळेल असे दिसते. अंडे घालणाऱ्या जिवंत मादीचे काय करावे? शेतकऱ्याला पटेल ते तेच चित्र, असे मला अजूनही वाटते.

बांधावरचा:
ते चित्र नक्की घ्यावे. माझ्या मते फलकावर तेच मुख्य असावे. मादी अंड्यावर फिरून शृंगिकांनी ते चाचपते आणि एकदा अंडनलिका आत घातली की शरीर बराच वेळ जागेवर ठेवते. तोच आपला क्षण. इथे १२० फोटोंचा संच शक्य नाही, तेव्हा एमपी-ईच वापरावे: पाचपटीला, एफ २.८ ला सुमारे ०.०५ मिमी खोली मिळते. मादीची बाजू सेन्सरला समांतर ठेवली तर डोळा, शृंगिका आणि अंडनलिका जवळपास एका प्रतलात येतात आणि एकच फोटोही पुरतो. तो छापताना मादी आठ सेंमीपेक्षा मोठी करू नये.

तांदळावरील पतंगाची ताजी अंडी काळ्या कागदाच्या अरुंद पट्टीवर विरळ चिकटवावीत, म्हणजे मादी कुठे थांबणार हे आधीच ठाऊक राहते. ट्रायकोग्रामा उजेडाकडे धावतो, म्हणून फोकससाठीचा दिवा पट्टीच्या दिशेनेच ठेवावा. मागे खिडकी उघडी असेल तर सगळे कीटक तिकडेच जातील. नळी थोडा वेळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर त्यांची धावपळ मंदावते, पण फार थंड झालेली मादी अंडे घालणार नाही.

फलकावर दोन गोष्टी न विसरता छापाव्यात. पहिली, मोजपट्टी: मायक्रोस्कोपची एक मिलिमीटरची शंभर भागांत विभागलेली काच त्याच मांडणीत टिपून ठेवावी आणि तिच्यावरून ०.१ मिमीची रेघ काढावी. ४०० पट चित्रात ती ४ सेंमीची होईल. शेजारी कीटकाच्या खऱ्या आकाराचा, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका छापावा, नाहीतर पाहणारा शेतात मधमाशीएवढा कीटक शोधेल. दुसरी, नाव: ट्रायकोग्रामाच्या जाती नराच्या जननेंद्रियांची काचपट्टी करून ओळखल्या जातात, छायाचित्रावरून नव्हे. म्हणून चित्राखाली जातीचे नाव लिहायचेच असेल तर कार्ड देणाऱ्या प्रयोगशाळेने सांगितलेले लिहावे आणि ते त्यांनी सांगितलेले आहे, असे सोबत नमूद करावे.